समुद्र नसलेली बेटं

मेढ्याच्या एसटी स्टँडवर उभं राहून मान वर केली की सभोवार डोंगरच डोंगर दिसतात, पण त्यातल्या कित्येकांना शिखर नसतं. माथा सपाट आणि कडा सरळ तुटलेला. वेण्णा महाबळेश्वराच्या माथ्यावरून निघते, केळघर-मेढ्याच्या खोऱ्यातून वाहते, कण्हेरच्या धरणात विसावते आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेत मिसळते. या खोऱ्याच्या दक्षिणेच्या अंगाने चढत गेलं की आधी भाताची खाचरं मागे पडतात, मग झाडी विरळ होते आणि एकाएकी पायाखाली उघडा जांभा लागतो. हा सडा. अशाच सड्यांच्या रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरवर, कासचं पठार आहे.

कास फुलांसाठी माहीत नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. भाद्रपदात तिथं तेरड्याची गुलाबी चादर पसरते, सोनकी पिवळी होते, गेंदाची पांढरी बटणं वाऱ्यावर डुलतात. पण पठाराकडे एका वेगळ्या नजरेने पाहिलं तर त्याचं नवल कितीतरी पटींनी वाढतं. कास हे एक बेट आहे. चारी बाजूंना पाणी नाही इतकंच.

सीतेची आसवं हे निळ्या-जांभळ्या फुलांचं चिमुकलं रोप घ्या. त्याला पावसाळ्याचे चार महिने पाण्याने निथळणारा खडक हवा, डोक्यावर उघडं आभाळ हवं आणि शेजारी उंच झाड नको. मेढ्याच्या शेतात ते जगणार नाही, घाटातल्या झाडीत तर नाहीच. म्हणजे त्याच्या लेखी वेण्णेचं हिरवंगार खोरं हा ओलांडता न येणारा समुद्र आहे. पलीकडे पाचगणीचं टेबललँड, तिकडे चाळकेवाडीचा सडा, खाली चांदोलीतली पठारं, आणखी दक्षिणेला पन्हाळ्याजवळचं मसाई, ही सगळी या समुद्रात दूरदूर विखुरलेली बेटं. रॉबर्ट मॅकार्थर आणि एडवर्ड विल्सन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये बेटांवरच्या जीवसृष्टीचा सिद्धांत मांडला. बेट किती मोठं आणि दुसऱ्या भूभागापासून किती लांब, यावर तिथं किती जाती नांदतील हे बरंचसं ठरतं, असं त्यांनी दाखवलं. तेव्हापासून अभ्यासकांना बेटं नुसत्या सागरात दिसत नाहीत. तलाव, गुहा, डोंगरमाथे या सगळ्यांकडे ते त्याच नजरेने बघतात. सह्याद्रीच्या खडकाळ पठारांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या डॉ. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या संशोधकांमुळे सडा म्हणजे पडीक माळ नव्हे, तो एक स्वतंत्र अधिवास आहे, ही गोष्ट आता कुठे सरकारदरबारी आणि लोकांत रुजू लागली आहे.

बेटावर एकटं राहिलं की जीव आपापल्या वाटेने घडत जातात. वायतुरा पाहा. सड्यावरच्या उथळ डबक्यात वाढणारी ही पाणवनस्पती. तिचा तुरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला असतो. तिचं शास्त्रीय वर्णन १९८२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि तिच्या शास्त्रीय नावातच साताऱ्याचं नाव आहे. जगात ती फक्त उत्तर सह्याद्रीतल्या मोजक्या सड्यांवर सापडते. डबकं आटलं की तिचा कंद तापल्या मातीत आठ महिने गप्प पडून राहतो आणि मृगाच्या सरींनंतर पुन्हा पान वर काढतो. टोपली कारवी तर सात-सात वर्षं नुसती पानांवर काढते आणि मग एका वर्षी सगळी एकदम फुलते.

या बेटाची तटबंदी कोणती, याचं उत्तर मला या साऱ्या गोष्टीत सगळ्यात विलक्षण वाटतं. कासची तटबंदी म्हणजे त्याची गरिबी. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर युगानुयुगं पाऊस कोसळला, त्यातली विरघळणारी सत्त्वं धुऊन गेली आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेला जांभा उरला. त्यावर माती किती? काही ठिकाणी बोटभर, काही ठिकाणी तेवढीही नाही. नत्र तर जवळजवळ नाहीच. म्हणून तर इथल्या काही वनस्पतींनी किडे खायला सुरुवात केली. दवबिंदू आपल्या चिकट केसांवर चिलटं पकडतो. सीतेच्या आसवांचा सापळा मातीखाली असतो. मोहरीच्या दाण्याहून लहान पिशव्या, प्रत्येकीला एक झाकण. पाण्यातला सूक्ष्म जीव झाकणाजवळच्या केसाला लागला की झाकण आत उघडतं आणि जीव पाण्यासकट ओढला जातो. या सगळ्याला सेकंदाचा हजारावा भागसुद्धा लागत नाही. वनस्पतींच्या जगातल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक, आणि ती आपण ज्या फुलाजवळ वाकून फोटो काढतो त्याच्या मुळाशी चाललेली असते.

जिथं खायला इतकं कमी आहे तिथं धष्टपुष्ट तणाला पाय रोवता येत नाही. त्यामुळे हजारो वर्षं हे बेट सुरक्षित राहिलं. पण कुणी तिथं माती आणून टाकली, रस्त्याच्या कडेला मुरुमाचा भराव घातला, बांधकामाचा राडारोडा लोटला की त्या गरिबीला भोक पडतं. पठारावरचं परकं तण पाहायचं असेल तर फुलांच्या मधोमध शोधू नका. रस्त्याच्या कडा, गाडीतळाच्या बाजू, चर खणून वर काढलेली माती, तिथं ते असतं.

त्यातलं सगळ्यात देखणं म्हणजे कॉसमॉस. मूळ मेक्सिकोचा, बागेसाठी आणलेला, केशरी-पिवळ्या फुलांचा. पुण्या-साताऱ्याच्या रस्त्यांच्या कडेने तो गेल्या काही वर्षांत झपाट्याने पसरला आहे. सप्टेंबरात सोनकीच्याच वेळी फुलतो, त्यामुळे पाहुणे त्यालाही कासचंच फूल समजून त्यात उभे राहून फोटो काढतात. त्याच्या बीच्या टोकाला बारीक आकडे असतात, ते कपड्याला लागून पुढच्या गावी जातं. सुंदर दिसणाऱ्या परक्याविरुद्ध लोकांना उभं करणं फार अवघड, हे मी मान्य करतो, पण कॉसमॉसबद्दल स्पष्ट बोलायलाच हवं.

खरा दांडगा गडी मात्र रानमोडी. मेढ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वराकडे जाताना किंवा कासकडे चढताना उतारांवर दाटीने वाढलेली ही झुडपं नजरेआड होत नाहीत. एक फांदी हातात घेऊन बघा. पानं समोरासमोर, त्रिकोणी, कडा दातेरी. देठापासून तीन शिरा निघतात आणि त्रिशूळासारख्या वर जातात. पान चुरगाळलं की उग्र वास येतो. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. रानात कोयता लागला तर याच पानाचा रस जखमेवर पिळायची पद्धत आहे, रक्त थांबतं म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत पांढुरकी-फिकट जांभळी फुलं येतात आणि नंतर प्रत्येक झुडपावर हजारोंनी बी धरतं. अर्धा सेंटिमीटर लांबीची काळी काडी, तिच्या डोक्यावर पांढऱ्या केसांचा झुबका, काडीला बारीक काटे. वाऱ्याने उडतं, कपड्याला चिकटतं, गाडीच्या चाकाच्या चिखलातून प्रवास करतं. उन्हाळ्यात झुडूप वाळून काड्या होतं आणि वणव्याला आयतं सरपण मिळतं. वणव्यात देशी रोपटी मरतात, रानमोडी मात्र बुडख्यातून पुन्हा फुटते.

हिचं शास्त्रीय नाव क्रोमोलीना ओडोराटा. मूळ गाव उष्ण कटिबंधातली अमेरिका. एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातून ती भारतात सुटली असं मानतात. आणि इथून पुढे मेढ्याची गोष्ट थेट प्रशांत महासागरात जाते. जावळीच्या उतारांवरची ही रानमोडी ग्वाम बेटावर आहे, पलाऊमध्ये आहे, पापुआ न्यू गिनीत, तिमोरमध्ये, फिलिपाइन्समध्ये आहे. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर आक्रमक जातींची जी यादी निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने केली आहे तिच्यात घाणेरी आणि जलपर्णीच्या पंगतीला हिचंही नाव आहे.

बेटांवर अशा आगंतुकांचा घाव किती खोल बसतो, हे २०२३ च्या सप्टेंबरात आंतरसरकारी जैवविविधता मंच ‘इप्बेस’ने जाहीर केलेल्या अहवालातून कळतं. प्रामुख्याने परक्या आक्रमक जातींमुळे जगातून कायमच्या नाहीशा झालेल्या जातींपैकी ९० टक्के बेटांवरच्या होत्या. ग्वामचंच उदाहरण भयंकर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून तिथं एक तपकिरी झाडसाप उतरला. सापापासून जीव कसा वाचवायचा हे तिथल्या रानपाखरांना ठाऊकच नव्हतं. चाळीसेक वर्षांत रानातले बहुतेक देशी पक्षी संपले. पक्षी संपले तसे कोळी बेसुमार वाढले, आणि बिया वाहून नेणारं कुणी उरलं नाही म्हणून झाडांची नवी पिढीही आक्रसली.

मग बेटवाल्यांनी काय केलं? एकेका बेटाची ताकद ती किती! नियुए हा प्रशांत महासागरातला देश लोकसंख्येने दोन हजारांच्याही आत, म्हणजे आपल्या मेढ्याहून लहान. त्याला स्वतःचा कीटकतज्ज्ञ, तणतज्ज्ञ, बंदरावर तपासणी करणारी फौज कुठून परवडणार? म्हणून या देशांनी ज्ञान एकत्र केलं. सामोआच्या आपिया शहरात त्यांची प्रादेशिक पर्यावरण संस्था आहे, तिच्या छत्राखाली २००६ पासून आक्रमक जातींवर काम करणाऱ्यांचं एक जाळं चालतं. एका बेटावर उंदीर कसे हटवले, दुसऱ्यावर वेल कशी आवरली, हे तिसऱ्या बेटावरचा वनरक्षक तिथल्या माणसाकडूनच शिकतो.

रानमोडीच्या बाबतीत तर हे सहकार्य एका माशीच्या पाठीवर बसून फिरलं. तिचं नाव सेसिडोकॅरीस कनेक्सा. माशी रानमोडीच्या कोवळ्या शेंड्यात अंडी घालते. अळी खोडात शिरते, आणि झुडूप तिच्याभोवती गाठ तयार करतं. पानाफुलांना जायचा रस त्या गाठीकडे वळतो, फुटवा खुंटतो, बी कमी धरतं. कोश करण्याआधी अळी आतूनच गाठीच्या सालीला पातळ खिडकी कोरून ठेवते, कारण माशी झाल्यावर तिला कुरतडायला दात नसतात. अळी असतानाच पुढच्या जन्माची वाट तयार! ही माशी कोलंबियातून इंडोनेशियात आणली गेली. तिथं ती फक्त रानमोडीवरच जगते याच्या चाचण्या झाल्या आणि १९९५ मध्ये सुमात्रात ती सोडली. तिथून ती ग्वामला, पलाऊला, पापुआ न्यू गिनीला गेली. पापुआ न्यू गिनीत ऑस्ट्रेलियाच्या मदतीने गावोगावी तिच्या गाठी असलेल्या फांद्या वाटल्या गेल्या आणि कित्येक भागांत लोकांना बागा पुन्हा करता येऊ लागल्या. इंडोनेशियातूनच ती बंगळुरूच्या प्रयोगशाळेतही आली. उलट दिशेनेही देवघेव झाली आहे. रानमोडीची पानं खाणारा एक पतंग १९८०च्या दशकात ग्वाममध्ये स्थिरावला, त्याची बीजं भारत आणि त्रिनिदादहून गेली होती.

ऑस्ट्रेलियाने ही मदत काही नुसत्या शेजारधर्माने केली नाही. १९९४ मध्ये क्वीन्सलँडमध्ये रानमोडी सापडली तेव्हा तिथल्या राज्यांनी वर्गणी काढून तिच्या समूळ उच्चाटनाची मोहीम हाती घेतली. श्रीमंत देश, शिस्तीची यंत्रणा, पैशांची कमी नाही. तरी जवळजवळ दोन दशकांनी त्यांना उच्चाटनाचं उद्दिष्ट सोडून द्यावं लागलं. तण त्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त पसरलेलं निघालं. एकदा पसरल्यावर रानमोडी संपवता येत नाही, तिला आवरत राहावं लागतं. म्हणून जिथं ती अजून पोचलेली नाही ती जागा सोन्यासारखी जपायची. कासच्या सड्याचा मधला भाग आज तशी जागा आहे.

कीटकाच्या मदतीने तण आवरायची विद्या आपल्याला परकी नाही. तिची सुरुवातच या देशात झाली, तीही चुकून. १७९५ मध्ये किरमिजी रंगासाठी ब्राझीलहून कोचिनील कीटक बंगालमध्ये आणले गेले. आणायची होती एक जात, आली दुसरी. रंग भिकार निघाला, पण किड्यांनी निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. हे पाहून १८६०च्या दशकात ते दक्षिण भारतात आणि मग श्रीलंकेत नेले गेले. पुढे दुसऱ्या जातीचा फड्या निवडुंग माजला, तेव्हा १९२०च्या दशकात त्याचा किडा श्रीलंकेतून भारतात आला आणि पाच-सहा वर्षांत दक्षिणेतली प्रचंड जमीन मोकळी झाली. एका बेटाने आणि एका खंडप्राय देशाने एकमेकांची परतफेड केली ती अशी. गाजर गवत तर पहिल्यांदा डोळ्यांत भरलं ते पुण्यात, १९५५ मध्ये. त्यावरचे मेक्सिकन भुंगेरे १९८०च्या दशकात बंगळुरूत आले. पावसाळ्यात मेढा-सातारा रस्त्याच्या कडेला गाजर गवताचं झाड नीट पाहिलंत तर पांढुरक्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा भुंगेरा पानांची चाळण करताना कदाचित दिसेल. त्याला मारू नका.

आता आपल्या बेटाकडे येऊ. कासला २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांपैकी एक म्हणून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि त्याच सुमारास गर्दीही हाताबाहेर गेली. तेव्हा वनखात्याने पठाराभोवतालच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांना हाताशी धरलं. कास, एकीव, आटाळी, कासाणी ही गावं एकत्र आली, पुढे कुसुंबी आणि वांजुळवाडीही जोडली गेली. तिकीट, गाडीतळ, वाटाडे, फुलांत शिरणाऱ्यांना अडवणं, रोजच्या संख्येला मर्यादा, हे सगळं गावची पोरं-पोरी सांभाळतात. वनखात्याचाही इथं एक हात नाही, दोन आहेत, कारण पठार सातारा आणि मेढा अशा दोन वनपरिक्षेत्रांत विभागलेलं आहे. निरनिराळ्या गावांनी आणि दोन कार्यालयांनी मिळून एक पठार सांभाळणं ही लहान गोष्ट नाही. ज्याला जगभर प्रादेशिक सहकार्य म्हणतात ते आपल्याकडे जावळी तालुक्यात रोज सकाळी कामाला लागतं.

या मंडळींनी एक मोठा धडाही घेतला. संरक्षणासाठी पठाराला तारेचं कुंपण घातलं गेलं. गुरांची ये-जा थांबली. काही वर्षांत फुलं घटल्याची ओरड सुरू झाली, गवत उंच वाढून चिमुकल्या रोपांवर सावली धरू लागलं, आणि अखेरीस कुंपण काढण्याची वेळ आली. पिढ्यान्‌पिढ्या चरणारी गुरं आणि गवे गवताला काबूत ठेवत होते, त्यांच्याशिवाय बेटाचा तोल जात होता. बेट राखायचं म्हणजे सगळ्यांना बाहेर ठेवायचं असं नसतं. कोण जुना रहिवासी आणि कोण काल आलेला, हे ओळखावं लागतं, आणि ही ओळख वनस्पतिशास्त्रज्ञाइतकीच गुराख्यालाही असते.

फक्त एक मोठी फट राहिली आहे. समित्यांची नजर पठारावर आहे, रानमोडीचं बी मात्र उतारांवर तयार होतं. वेण्णेच्या बाजूला, उरमोडीच्या बाजूला, पश्चिमेला कोयनेच्या शिवसागराकडे, तिन्ही खोऱ्यांतून ते वाऱ्यावर चढतं. एकीवने आपली बाजू लख्ख केली आणि खालच्या वाडीने केली नाही तर पुढच्या फाल्गुनात बी पुन्हा वर. हीच गोष्ट मोठ्या पटावर चांदोली-कोयनेची. २०१० चा सह्याद्री व्याघ्रप्रकल्प सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरला आहे, आणि उठून गेलेल्या गावांची मोकळी शेतं कुरण म्हणून राखायची की तणाच्या हवाली करायची हा प्रश्न चारही जिल्ह्यांचा एकच आहे. वारा जिल्ह्याची हद्द पाहत नाही, म्हणून राखणदारांनीही ती बघून भागणार नाही.

यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, आणि ती पंचांगात आहे. कासचा फुलांचा हंगाम ऑक्टोबरमध्ये सरतो. गाड्या परततात, समित्यांच्या माणसांची कामं एकदम थांबतात. रानमोडी फुलायला तेव्हा अजून दीड-दोन महिने असतात. परतीच्या पावसाने माती ओली असते, त्यामुळे झुडूप मुळासकट उपटता येतं. नुसतं छाटलं तर ते दुप्पट फुटतं, आणि पेटवून दिलं तर त्याचंच फावतं. सुरुवात पठाराच्या कडेपासून आणि रस्त्याच्या भरावापासून करायची, दाट रानाला शेवटी हात घालायचा, कारण विरळ उगवण आधी काढली की थोड्या माणसांत जास्त जागा मोकळी राहते. कॉसमॉसला इतका अवकाश नसतो. तो हंगामातच, बी धरण्याआधी, पर्यटकांच्या डोळ्यांदेखत आणि त्यांना कारण सांगत उपटावा लागेल. रस्त्याच्या कामाला बाहेरची माती येऊ द्यायची की नाही, हे बांधकाम खात्याशी आधीच बोलून ठेवावं लागेल. आणि मेढ्याच्या बाजूने श्रमदान ज्या आठवड्यात होईल त्याच आठवड्यात साताऱ्याच्या आणि कोयनेकडच्या बामणोलीच्या बाजूनेही व्हायला हवं. रानमोडीचं बी जमिनीत काही वर्षं जिवंत राहतं, तेव्हा त्याच जागांवर पुढच्या कार्तिकात पुन्हा, आणि त्याच्या पुढच्याही.